सांबराने बांधलेली गोल्फची खोली

एका जंगलात, मुलांनो, एक सांबर राहत असे, आणि मान खाली घालून पोटभर पाणी प्यावे एवढीच त्याची इच्छा होती.

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. तुम्ही नळाला तोंड लावता आणि पिता. सांबराचे तसे नसते. एक घोट घ्यायचा, मान वर करायची, कान फिरवायचे, मग दुसरा घोट. पाणवठ्याच्या पलीकडे गवत असते आणि गवतात वाघ असतो. कधी नसतोही, पण नसल्याचे कळवायला कोणी येत नाही. या सांबराचे वडील पाणी पिताना गेले. चुलते जास्त सावध होते, ते पाणी पिऊन परत येताना गेले.

सांबराचे नाव आप्पासाहेब. शिंगे दांडगी, छाती भरदार, मान मात्र सारखी वर करून करून अवघडलेली. त्यांच्या मंडळी तुळसाबाई. तुळसाबाईंचा आवाज जंगलात प्रसिद्ध होता. वाघाचा वास आला की त्या पाय आपटून अशा काही ओरडत, की पलीकडच्या टेकडीवरची चितळेसुद्धा तोंडातला घास टाकून पळत. त्या आवाजाने आप्पासाहेबांचा जीव कितीदा तरी वाचवला होता. आप्पासाहेबांना तो आवाज कर्कश वाटे. संसारात असे चालायचेच.

त्या जंगलाचा राजा वाघ. वाघमहाराज एकदा शेजारच्या जंगलात पाहुणे म्हणून गेले आणि येताना गोल्फ घेऊन आले. गोल्फ म्हणजे एक लहानसा चेंडू काठीने लांब मारायचा, तो कुठे गेला ते बघत चालत जायचे, आणि सापडला की पुन्हा मारायचा. चालताना इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात. खरा खेळ तो.

थोड्याच दिवसांत जंगलात बोलले जाऊ लागले की महाराज ज्याच्याबरोबर गोल्फ खेळतात त्याला खात नाहीत. पुरावाही होता. बिबट्या खेळे, त्याला खाल्ले नव्हते. अस्वल खेळे, त्यालाही नाही. रानकुत्र्यांचा म्होरक्या खेळे, तो तर चांगला बाळसे धरून होता. या तिघांना महाराजांनी गोल्फ येण्याआधीही कधी खाल्ले नव्हते, हे तुळसाबाईंनी नवऱ्याच्या नजरेस आणून दिले. आप्पासाहेबांनी त्यांना सांगितले की मोठ्या लोकांचे राजकारण घरात बसून कळत नसते.

तुळसाबाईंनी विचारले, "आपण घरात कधी बसलो?"

हेही खरेच होते. सांबरांना घर नसते. उघड्यावर राहायचे, वास घ्यायचा, पळायचे. पण आप्पासाहेबांना पळण्याचा मनापासून कंटाळा आला होता. पान हलले तरी छातीत धस्स व्हायचे. या वयात ते शोभत नाही आणि झेपतही नाही, असे त्यांना वाटे. महाराजांबरोबर एक डाव खेळावा, दोन शब्द बोलावेत, आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर जाऊन मान खाली घालावी ती तहान भागेपर्यंत वर काढूच नये.

संधीही होती. पावसाळ्यानंतर कुरणातले गवत पुरुषभर वाढे, चेंडू हरवत आणि महाराजांचा खेळ बंद पडे. ते दिवस महाराज चिडचिडे होऊन काढत, आणि चिडले की जास्त खात. अशा वेळी कोणी त्यांना घरातल्या घरात गोल्फ खेळवला तर? मोठ्या जंगलांत तशी सोय असते म्हणे. भिंतीवर पडदा लावतात, पडद्यावर मैदानाचे चित्र पाडतात. खरा चेंडू मारला की तो पडद्यावर आदळून खाली पडतो आणि चित्रातला चेंडू पुढे जातो. त्याला सिम्युलेटर म्हणतात. त्याला वीज लागते. जंगलात वीज कुठून आली हे विचारू नका. वाघ गोल्फ खेळतो हे निमूट ऐकून घेतलेत, आता विजेवर कशाला अडता?

आप्पासाहेबांनी साळिंदराला बोलावले. खोदकामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हो म्हणण्यातही. घर नसताना घरातली खोली कशी बांधायची, ही तुळसाबाईंची शंका त्याने चुटकीसरशी मिटवली. आधी खोली होऊ द्या, म्हणाला, भोवती घर काय, मागाहून येते.

हे सगळे चैत्रात ठरले, मुलांनो, आणि तिथेच घोटाळा झाला. सांबरांची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात. चैत्रात आप्पासाहेबांचे डोके साफ मोकळे होते. त्या दिवसांत सांबरांच्या समाजात शिंगांचा विषय काढायचा नसतो. कोणी समोर आले तर कपाळाच्या खाली बघून बोलायचे, ही रीत. वडीलधाऱ्यांनी घालून दिलेली रीत असल्यामुळे तिच्यामागे विचार असणारच, असे सगळे मानत.

साळिंदराने आप्पासाहेबांना उभे केले, हातात काठी दिली, काठी खांद्यापर्यंत उचलायला लावली आणि डोक्यापासून वीतभर सोडून छताचे माप घेतले. दाराचे मापही तसेच घेतले. तुळसाबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या बोडक्या डोक्याकडे पाहिले, छताच्या खुणेकडे पाहिले आणि तोंड उघडले. पण रीत आठवली आणि त्यांनी तोंड मिटले. घराण्याची अब्रू राहिली.

मग काम सुरू झाले. टेकडीच्या पोटात खोली खोदली. पडद्यावरचे चित्र स्वच्छ दिसायला अंधार हवा, म्हणून खिडकी ठेवली नाही. उजेड शिरायला दुसरी वाट नको, म्हणून दार एकच. जमिनीवर नकली हिरवळ अंथरली. आप्पासाहेबांनी ती चाखून पाहिली आणि थुंकून टाकली, पण महाराज गवत खात नाहीत, हे साळिंदराने लक्षात आणून दिले. पहिल्या दिवशी पडदा इतका ताणला होता की साळिंदराने मारलेला चेंडू उलटून त्याच्याच नाकावर बसला. त्याचे काटे तिथल्या तिथे फुलले आणि पडद्याची चाळण झाली. दुसरा पडदा सैल लावला.

राहता राहिला आवाज. आप्पासाहेबांनी बजावून सांगितले की आमच्या मंडळींना ओरडायची सवय आहे, महाराज खेळत असताना तो आवाज आत येता कामा नये. साळिंदराने चारी भिंतींना आणि दाराला सावरीच्या कापसाच्या जाड गाद्या ठोकल्या. मग तुळसाबाईंना बाहेर उभे करून ओरडायला सांगितले. त्या ओरडल्या. चितळे पळाली, मोर उडाले, पाणवठा ओस पडला. आत दोघांना काही म्हणजे काही ऐकू आले नाही. साळिंदर म्हणाला, असे काम आपण आजवर कुणाचे केले नाही.

बांधकाम म्हटले की लांबतेच. खोली पुरी होईपर्यंत दसरा उलटला. गवत पुरुषभर वाढले होते, महाराज चिडलेले होते, आणि आप्पासाहेबांच्या डोक्यावर कधी आली नव्हती एवढी थोरली शिंगे आली होती. आमंत्रण गेले. महाराजांनी ते आनंदाने स्वीकारले.

महाराज आले. आप्पासाहेब पुढे झाले, वाकून मुजरा केला, "यावे" म्हणाले आणि दाराशी खाड्दिशी अडकले. आडवे होऊन पाहिले, तिरके होऊन पाहिले, गुडघे टेकून पाहिले. डोके आत गेले की शिंगे छताला लागत आणि बाहेर काढावे तर गादीत रुतत. शेवटी साळिंदराने मागचे पाय धरून त्यांना ओढून काढले. आपल्याच खोलीच्या दारात यजमान बूच होऊन बसला, याची आप्पासाहेबांना मरणाची लाज वाटली.

महाराज मुळीच रागावले नाहीत. खेळायला जोडीदार लागतो एवढेच ते म्हणाले, आणि खोली बघायला जमलेल्या गर्दीकडे त्यांनी नजर फिरवली. गर्दीत आप्पासाहेबांचा शेजारी भाऊराव चौशिंगा होता. चार शिंगांचा मालक, पण ती सगळी मिळून मूठभर. महाराजांनी त्याला अगत्याने आत नेले आणि दार लावून घेतले.

आप्पासाहेब बाहेर बसून राहिले. खोली आपली, कष्ट आपले, आणि महाराजांशी गोष्टी करतो आहे कोण, तर काल आपल्या उष्ट्या गवतावर जगणारा भाऊराव. त्यांनी दाराला कान लावला. आतून चकार शब्द ऐकू येत नव्हता. त्या स्थितीतही साळिंदराच्या कामाचे त्यांना कौतुक वाटले.

बऱ्याच वेळाने महाराज बाहेर आले. चेहऱ्यावर समाधान होते. खेळ झकास झाला, म्हणाले, आणि मिशा पुसत निघून गेले. भाऊराव काही बाहेर आला नाही.

तुळसाबाईंनी दाराशी जाऊन वास घेतला आणि त्या धावत नवऱ्याकडे आल्या.

"अहो, भाऊजी बाहेर आले नाहीत."

"मागच्या दाराने गेला असेल."

"मागचे दार आहे कुठे?"

"साळिंदराने केले असेल. न सांगता त्याने बरेच काही केले आहे."

पुढे भाऊराव पाणवठ्यावर दिसला नाही, कुरणात दिसला नाही. आप्पासाहेबांना याचे नवल वाटले नाही. मोठ्यांच्या बैठकीत ऊठबस सुरू झाली की जुनी ओळख कोण ठेवतो? बसला असेल कुठेतरी मान खाली घालून पाणी पीत. या विचाराने त्यांना झोप लागेना.

महाराज अधूनमधून चौकशी करत. खोली लाख आहे, म्हणत, पण तुम्ही नाही तर मजा नाही. शिंगे उतरली की कळवा. एवढ्या प्रेमाने आप्पासाहेबांची वाट आजवर कोणी पाहिली नव्हती. ते रोज सागाच्या बुंध्यावर शिंगे घासू लागले. तुळसाबाईंनी समजावले, रडल्या, वाट अडवून उभ्या राहिल्या. त्यांना नवरा हवा होता, शिंगांसकट, अवघडलेल्या मानेसकट, कसाही. आप्पासाहेब म्हणाले, "तुझा आवाज ऐकून मी आयुष्यभर पळालो. आता एकदा थांबून बघू दे."

तुळसाबाई वाटेतून बाजूला झाल्या.

फाल्गुनात एक शिंग गळाले, पाठोपाठ दुसरेही. गवत वाळून कुरण मोकळे झाले होते, महाराजांना बाहेर खेळता आले असते. पण त्यांनी शब्द पाळला आणि ते खोलीवरच आले. आप्पासाहेब ताठ मानेने आत शिरले. माप अगदी बरोबर निघाले. महाराजांनी दार लावून घेतले.

पडद्यावर हिरवेगार मैदान उजळले. मधोमध एक तळे होते, आणि त्याच्या काठी गवतच नव्हते. आप्पासाहेब ते बघतच राहिले. आत पान हलत नव्हते, वारा नव्हता, वास नव्हता. जन्मल्यापासून एवढी शांतता त्यांना ठाऊक नव्हती.

महाराजांनी त्यांना काठी कशी धरायची ते दाखवले. पाय कसे ठेवायचे ते दाखवले. मग मागे सरकून ते हळूच म्हणाले, "या खेळाचा पहिला नियम लक्षात ठेवा. नजर चेंडूवर, मान खाली. काही झाले तरी वर करायची नाही."

बाहेर तुळसाबाई ओरडत होत्या. पाय आपटून, ऊर फुटेपर्यंत ओरडत होत्या. ते ऐकून चितळे पळाली, रानडुकरे पळाली, साळिंदर बिळात शिरला, साऱ्या जंगलाचा जीव वाचला.

आत आप्पासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा निवांतपणे मान खाली घातली.

तात्पर्य: घरात खेळाची खोली बांधायची झाल्यास छताचे माप पाहुण्याच्या उंचीने घ्यावे. यजमान आत एकदाच जातो.