चाळीस अंशांवरचा सल्ला

"एक शब्द बोलणार नाही," स्टेइन्दोरने बायकोला तिसऱ्यांदा वचन दिलं आणि टॉवेल काखोटीला मारला.

"मग जातोस कशाला?" सोल्वेगने विचारलं.

"सात वाजलेत म्हणून."

या उत्तरावर आइसलंडमधल्या आमच्या गावात वाद घालता येत नाही. सकाळी सातला माणूस पोहण्याच्या तलावाजवळच्या गरम पाण्याच्या कुंडात दिसला नाही, तर तो आजारी असतो, नाहीतर त्याने काहीतरी करून ठेवलेलं असतं. स्टेइन्दोरने तसं काहीच केलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो परक्या देशाचा फुटबॉल संघ आपल्याच आइसलंडविरुद्ध उतरवणार होता, एवढंच.

हा गडी आमचाच. आमच्या क्लबचा बचावपटू. त्याचं नाक तीनदा मोडलं आणि तिन्ही वेळा वेगळ्या दिशेला बसलं. रेषेबाहेरून हाताने चेंडू असा लांब फेकायचा की एकदा तो थेट समुद्रात गेला आणि बोट काढावी लागली. मग नॉर्वे, स्कॉटलंड, बेल्जियम असे अकरा हिवाळे त्याने परदेशात काढले. त्यातले सहा राखीव बाकावर. परत येऊन शाळेत कसरतीचा मास्तर झाला, गावातल्या मुलींच्या संघाला त्याने दोनदा वरच्या गटात चढवलं, आणि त्या जोरावर दक्षिणेकडच्या एका चिमुकल्या देशाने त्याला राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून उचललं. त्या देशाचं नाव घेत नाही, माणसं हळवी आहेत. तिथे तो लागोपाठ पाच सामने हरला होता. तिथल्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष मार्सेलिन यांनी इकडे येताना विमानात त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "हा हरलात, तर परतीच्या विमानात तुमची जागा धरू नका."

आणि सोल्वेगने तिकडे अंगणात लिंबाचं झाड लावलेलं होतं. चाळीस वर्षं वाऱ्यात काढलेल्या बाईचं लिंबाचं झाड! ते सोडून पुन्हा शाळेच्या व्यायामशाळेत शिट्टी फुंकायला यायची स्टेइन्दोरची तयारी नव्हती. म्हणून संघाबद्दल न बोलण्याचं ते वचन.

कुंडात नेहमीची मंडळी मानेपर्यंत बुडून बसली होती. वरून आडवा गारठलेला पाऊस मारत होता. निवृत्त कप्तान ब्योर्गविन होता, पाद्रीणबाई हेर्दिस होती, आणि कोपऱ्यात पाण्याच्या झोताला पाठ लावून, जांभळी टोपी घातलेली अस्लाउग होती. ती एक्याऐंशी वर्षांची. ती डोळे मिटून बसते आणि झोपली आहे असं समजून लोक बोलतात, ही त्यांची चूक.

"काय रे, गद्दारा," ब्योर्गविनने मायेने स्वागत केलं. "पोरं कशी आहेत तुझी?"

स्टेइन्दोर गप्प.

"थंडी बाधली असेल," हेर्दिस म्हणाली.

स्टेइन्दोर हसला आणि ढगांकडे बघू लागला.

"बोलत नाहीये म्हणजे गोलकीपर गेला," ब्योर्गविनने निकाल दिला. "मी तीस वर्षं बोटीवर काढलीत. खलाशी असा ढगांकडे बघायला लागला, की समजावं जाळं फाटलंय."

"गोलकीपर गेला?" हेर्दिसने छातीवर हात ठेवला. "अरेरे. राखीवाचं तर वय आहे म्हणे बेचाळीस."

"एकोणचाळीस!" स्टेइन्दोर ओरडला. "आणि आमचा गोलकीपर ठणठणीत आहे! दुखतंय ते डाव्या बचावपटूचं, आणि तेही मांडीत, आणि..."

अस्लाउगने एक डोळा उघडला.

"कुंडातलं कुंडातच राहतं," ब्योर्गविनने धीर दिला.

"आणि इंग्वार साडेआठला कुठे येऊन बसतो?" स्टेइन्दोरने विचारलं.

इंग्वार म्हणजे आइसलंडचा राष्ट्रीय प्रशिक्षक. मुलांना शाळेत सोडून तो रोज इथेच येतो.

"कुंडात," ब्योर्गविनने कबूल केलं. पण माणूस न्यायी. "हे बघ, मग तुलाही सांगतो. त्याच्या मधल्या बचावपटूचा गुडघा सुजलाय. काल साडेआठला बोलून गेला. आता झाली फिट्टंफाट."

फिट्टंफाट कसली? आता इंग्वार डाव्या बाजूने हल्ला करणार, म्हणून आपण डावी बाजू भरायची. आपण ती भरणार हे इंग्वार ओळखणार, म्हणून तो उजवीकडून येणार. स्टेइन्दोरने मनातल्या मनात अकराही खेळाडू चार वेळा हलवले आणि शेवटी त्याच्याकडे बारा उरले. उरलीसुरली अब्रू गुंडाळून तो पाण्यातूनच कोपऱ्याकडे सरकला.

"अस्लाउग, जागी आहेस का ग?"

"तू ओरडल्यापासून."

"तू हँडबॉलचा संघ सांभाळायचीस ना? सांग ना मला काहीतरी. हरलो तर संपलो मी."

अस्लाउगने तोंडावरचं पाणी निपटलं. "तुझा सगळ्यात उंच, गोल करणारा माणूस मागे उभा कर. सगळ्यांत मागे. वाऱ्यात वरून येणारा प्रत्येक चेंडू तो डोक्याने परतवेल. आणि सत्तराव्या मिनिटाला तू जाकीट काढून शर्टावर उभा राहा."

"ते कशासाठी?"

"पोरांना वाटतं, याला काहीतरी दिसलंय. हातपाय पुन्हा चालायला लागतात."

दुसऱ्या दिवशी मैदानावर वारा असा होता की कोपऱ्यावरची निशाणं आडवी झोपली होती. शिट्टी झाली. स्टेइन्दोरचा सव्वासहा फुटी गोलंदाज... म्हणजे गोल मारणारा, टोनियो, रडवेला होऊन स्वतःच्या गोलसमोर उभा राहिला. स्टेइन्दोरने विजयी नजरेने समोर पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. आइसलंडचा सव्वासहा फुटीही स्वतःच्या गोलसमोर उभा होता, तेवढाच रडवेला.

पुढे गोल करायला दोन्हीकडे कुणीच नव्हतं. चेंडू वर जायचा, वाऱ्याला विचारून खाली यायचा, कुणीतरी उंच माणूस त्याला डोकं लावायचा, की पुन्हा वर. पहिल्या अर्ध्या तासात अर्धं मैदान सॉसेज-पाव आणायला गेलं आणि उरलेलं अर्धं त्यांना आपल्यासाठी मोहरी आणायला सांगत होतं.

"हे काय चाललंय?" अध्यक्ष मार्सेलिन मागून कुजबुजले.

"डावपेच," स्टेइन्दोर म्हणाला.

सत्तरावं मिनिट आलं. स्टेइन्दोरने जाकीट काढलं. बरोबर त्याच क्षणी, वीस पावलांवर, इंग्वारनेही जाकीट काढलं. गारांच्या माऱ्यात दोन मध्यमवयीन माणसं ओल्या शर्टात उभी राहून एकमेकांकडे बघत राहिली. इंग्वारच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग संशय, आणि मग शाळेत एकाच वहीतून नक्कल करताना पकडलेल्या पोराचा भाव. स्टेइन्दोरचाही चेहरा काही वेगळा नसावा. आता आधी जाकीट घालायचं कुणी? कुणीच घातलं नाही. वीस मिनिटं दोघे कुडकुडत राहिले.

सामना शून्य-शून्य सुटला.

टीव्हीवरच्या जाणकाराने पडद्यावर बाण काढून सांगितलं की, दोन कसलेल्या मेंदूंची अशी झुंज त्याने फार वर्षांत पाहिली नव्हती. मार्सेलिननी स्टेइन्दोरला मिठी मारली, ओल्या शर्टासकट. "आइसलंडला आइसलंडमध्ये रोखलंत! आणखी दोन वर्षं तुम्ही आमचे!" करारावर तिथेच सही झाली. सोल्वेगला बातमी कळली. तिने तिकडच्या शेजारणीला फोन करून लिंबाच्या झाडाला पाणी घालायला सांगितलं. स्टेइन्दोरला भरून आलं आणि लगेच शिंकही आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो कुंडावर पोचला, तर साडेआठचा इंग्वार आधीच बसलेला. त्याचं नाक लाल होतं. त्याचीही नोकरी वाचली होती. पुन्हा घरच्या मैदानावर हरला असता तर संघटना त्यालाही नारळ देणार होती. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला नाही. दोघेही कोपऱ्याकडे वळले.

"अस्लाउग," इंग्वार म्हणाला, "तू मला सांगितलंस तेच यालाही सांगितलंस?"

"हो."

"अग, लाज वाटायला हवी तुला!" स्टेइन्दोर म्हणाला. "दोघांना एकच सल्ला?"

"दोघांनी एकच गोष्ट विचारलीत," अस्लाउग डोळे मिटूनच म्हणाली. "हरायचं कसं नाही. एकालाही जिंकायचं कसं, हे विचारावंसं वाटलं नाही."

ब्योर्गविन पाण्यात फुसकन हसला. दोन राष्ट्रीय प्रशिक्षक हनुवटीपर्यंत खाली गेले. चांगलंच झोंबलं होतं ते, कारण खरं होतं. मग स्टेइन्दोर इंग्वारला कोपराने ढकलत पुढे सरकला. पुढच्या महिन्यात त्याचा सातवा सामना होता.

"बरं, आता विचारतो," तो हळूच म्हणाला. "जिंकायचं कसं, ग?"

इंग्वारनेही कान पुढे केला.

अस्लाउगने टोपी कानांवर नीट ओढली.

"ते मला कुठे ठाऊक?" ती म्हणाली. "बावीस वर्षं हँडबॉलचा संघ सांभाळला मी. एकशे चौदा सामन्यांत बरोबरी."