लग्न ठरल्याचे फोटो, मूळ स्थितीत

लग्न ठरल्याच्या तिसऱ्या दिवशी, कार्यालयीन वेळेपूर्वी, नियोजित वराने छायाचित्रणाची फाइल उघडली. तो एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात अकरा वर्षं नोकरीला होता आणि तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय त्याने आयुष्यात काही विकत घेतलं नव्हतं. घरचा कंगवासुद्धा तीन दुकानं फिरून, सर्वांत कमी दराने आला होता. कंगव्याला दाते कमी होते, पण प्रक्रिया निर्दोष होती. मुलगी मात्र पहिल्याच भेटीत आवडली, आणि या अनियमिततेबद्दल तो मनातून जरा ओशाळलेलाच असे.

नियोजित वधू दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना श्वास रोखायला सांगून ती दमलेली असायची, त्यामुळे तिची मागणी छोटी होती.

"मला अल्बम नको, मोठी फ्रेम नको," ती फोनवर म्हणाली. "एकच फोटो हवा. त्यात तू माझ्याकडे बघत असायला हवास. बस."

"किती बाय किती?" त्याने विचारलं.

पलीकडे तिने कुणाला तरी श्वास रोखायला सांगितलं. तेवढ्यात त्याने फाइलीत नोंद केली: छायाचित्र, नग एक.

पहिल्या स्टुडिओत मऊ सोफा होता आणि भरदिवसा मेणबत्ती जळत होती. "आम्ही फोटो काढत नाही सर, क्षण जपतो," असं म्हणत तिथल्या कलावंताने दरपत्रक पुढे केलं. ते वाचून नियोजित वराचे डोळे पांढरे झाले. साधं हसू मूळ दरात बसत होतं, मनापासूनचं हसू निराळं होतं, आणि 'नकळत टिपलेले' फोटो सर्वांत महाग होते.

"नकळत काढायचे तर महाग कसे?"

"दोन तालमी लागतात त्याला."

दुसरा फोटोग्राफर सुटा फोटो काढतच नव्हता. एंगेजमेंट, लग्न, पहिलं मूल आणि त्या मुलाचा पहिला वाढदिवस असं एकत्र घेतलं तर भरघोस सूट होती. मूल झालंच नाही तर काय, या प्रश्नावर त्याने पैसे परत मिळत नसल्याचं सांगितलं. मात्र त्या बदल्यात नवराबायकोचा एक मोठा फोटो मिळणार होता, उदास पार्श्वभूमीवर.

नियमाला तिसरं दरपत्रक हवं होतं. ते विमा कचेरीच्या मागच्या गल्लीत, जुन्या टायरांच्या दुकानाशेजारी मिळालं. तिथला फोटोवाला विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या, जळालेली गोदामं आणि भिजलेला माल यांचे फोटो काढायचा. गल्लीत सगळे त्याला 'नुकसानवाले' म्हणत.

"कशाचे काढायचेत?" नुकसानवाल्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"लग्न ठरलंय."

"कधी घडलं?"

"रविवारी. साधारण साडेअकराला."

"कुणी जखमी?"

"नाही."

"मग दर कमी लागेल," ते म्हणाले आणि त्यांनी जो आकडा लिहिला त्यात पहिल्या स्टुडिओतली मेणबत्तीही आली नसती.

घरी आईने कपाळाला हात लावला. "अरे, तो ठोकलेल्या गाड्यांचे फोटो काढतो! तुझ्या एंगेजमेंटला तो?"

"आई, सर्वांत कमी दर नाकारायचा असेल तर सबळ कारण लेखी द्यावं लागतं."

आईने पुष्कळ कारणं दिली, पण सगळी तोंडी. काम नुकसानवाल्यांना गेलं.

ठरलेल्या दिवशी नुकसानवाले बागेत वेळेआधी हजर होते. त्यांनी दोघांच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या, अंगठीशेजारी मोजपट्टी धरली आणि चारही बाजूंनी फोटो घेतले.

"हसायचं का आम्ही?" वधूने विचारलं.

"तुमची इच्छा, ताई. मी सांगणार नाही. हसवलेला फोटो कंपनी नाकारते." त्यांनी कॅमेरा वर केला. "जे चाललंय ते चालू द्या. मी फक्त नोंद घेतो."

वधू मग खरंच मजेत बोलायला लागली. दवाखान्यात एका पैलवानाने एक्स-रेला सुई टोचत नाहीत हे कळल्यावर आनंदाने रडून घेतलं होतं, ते तिने साभिनय सांगितलं. नुकसानवाले गालातल्या गालात हसले. नियोजित वर प्रत्येक क्लिकसरशी कार्यादेशावर बरोबरची खूण करत होता, कारण नुकसानवाल्यांच्या दरात एकाऐवजी चौसष्ट फोटो ठरले होते आणि त्रेसष्टवर कुणी गाशा गुंडाळला तर जबाबदारी त्याच्यावर येणार होती.

आठ दिवसांनी फोटो आले. प्रथेप्रमाणे सोबत अहवाल होता.

'छायाचित्र ९: वधू बोलत आहे. वर कागद वाचत आहे. छायाचित्र २३: वधू हसत आहे. वर घड्याळ पाहत आहे. छायाचित्र ४१: दोघांतील अंतर सव्वा फूट, आरंभी एक फूट होते.' आणि शेवटच्या पानावर सही-शिक्क्यानिशी: 'निष्कर्ष: वधू सुस्थितीत. वराचे लक्ष जागेवर आढळले नाही. ते घटनेपूर्वीपासूनच नसावे. सबब भरपाई देय नाही.'

वधूने सगळे फोटो खिडकीच्या उजेडात एकेक धरून पाहिले.

"चौसष्ट फोटो," ती म्हणाली, "आणि एकातही तू माझ्याकडे बघत नाहीस."

"त्याने कोनच तसा घेतला असेल."

"चारही बाजूंनी घेतलेत." तिने गठ्ठा खाली ठेवला. "मी रोज हेच काम करते रे. दोष फोटोत नाहीये. मला जरा विचार करू दे, लग्नाची तारीख आत्ता नको काढायला."

नियोजित वराने अहवाल पुन्हा उघडला. ती हवी होती, तीच हवी होती, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. तिच्याकडे बघून एवढंच सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण तो अहवालात शुद्धिपत्राची तरतूद आहे का, ते शोधत होता.

दोन्ही कुटुंबांची तातडीची बैठक झाली. तीन तासांच्या चर्चेनंतर दोष फोटोग्राफरचा असल्याचं एकमताने ठरलं. वराने वधूकडे बघावं, असा ठराव कुणी मांडला नाही. अहवाल कपाटात कुलूपबंद झाला आणि मेणबत्तीवाल्या कलावंताला मनापासूनच्या हसूसकट संपूर्ण काम देण्यात आलं.

"सर, मॅडमकडे बघा," कलावंत म्हणाला. "हनुवटी खाली. डोळ्यांत प्रेम आणा. थोडं कमी. हां, धरा."

नियोजित वराने धरलं. तो बघत राहिला, पापणीही न लवता. वधू पोझ विसरून थोडी पुढे झुकली.

"काय बघतोयस?" तिने हळूच विचारलं.

"अजून सोडा म्हणाले नाहीत," तो ओठ न हलवता म्हणाला.

फोटो अप्रतिम आला. आईने तो सगळीकडे पाठवला आणि संध्याकाळपर्यंत चारशे लोक भारावून गेले. काय ती नजर! असा जीव लावणारा मिळायला भाग्य लागतं! वधूने पहिल्या दिवशी ते वाचून मोबाइल उलटा ठेवला. दुसऱ्या दिवशी दोनदा वाचलं. पाचव्या दिवशी एवढे लोक म्हणतात त्याअर्थी आपलंच काहीतरी चुकत असेल, असं तिला वाटू लागलं आणि तिने तारखेला होकार दिला. त्या चारशेंत तुम्हीही एक हृदय पाठवलं होतं, त्याबद्दल दोन्ही कुटुंबं आपली आभारी आहेत.

नुकसानवाल्यांना हल्ली काम कमी असतं. दर तोच आहे. घरी येतात, तयारी करावी लागत नाही, आहात तसेच बसायचं. ही हकीकत मी आजवर पुष्कळ जोडप्यांना सांगितली. सगळी पोट धरधरून हसली, शेजारी बसलेल्या माणसाकडे अजिबात न बघता. नुकसानवाल्यांचा नंबर मात्र अजून एकानेही मागितलेला नाही. तुम्हाला देऊ?