सुधाकरचं पॅकेज

आमच्या सास्तूरच्या सुधाकरचं एक दुकान आहे. त्याला शटर न्हाय, तागडी न्हाय, गिऱ्हाईक तर म्या कधी बघितलंच न्हाय. मालक कोण विचारलं, तर म्हणतो, "सगळेच, अण्णा. इंटरनेटवरचं दुकान, जगभरातली माणसं मिळून चालवतात. ज्यानं प्रोग्राम केला त्यानं ठेवायचा, ज्याला लागतो त्यानं न्यायचा."

मी तिसरी शिकलोय, पण गप बसणारा न्हाय. "मग तू दिवसभर करतोस काय?"

"पॅकेज."

आता त्र्याण्णवच्या भूकंपापासून आमच्याकडं पॅकेज म्हणजे एकच, सरकारचं. एकदा तो ओट्यावर फोनवर म्हणाला, "पॅकेज आज मंजूर होतंय." ते म्या पारावर जाऊन सांगितलं. तासाभरात अकरा माणसं आधारची झेरॉक्स घेऊन त्याच्या दारात! त्यानं सगळ्यांना चहा पाजला, समजावून सांगितलं. समजलं कुणालाच न्हाय. चूक माझी न्हवती. शब्द आमचा, वापरला त्यानं.

मला तो रोज समजावतो. "लिनक्सच्या कॉम्प्युटरमध्ये लई प्रकार, अण्णा. एकावर चालतं ते दुसऱ्यावर चालत न्हाय."

"म्हंजे मशीनमधीबी भावकी?"

"व्हय. म्हणून पॅकेज, म्हंजे डबा भरायचा. भाकरी, कोरड्यास, चटणी, मीठसुद्धा आतच. कुणाच्याबी घरात उघडा, तिथलं काय मागायला लागत न्हाय."

त्याच्या डब्यात बटणं होती. ती त्याच्या आईसाठी, गोदावहिनींसाठी. लकवा मारला आणि त्यांची वाचा गेली. चित्राचं बटण दाबलं की मशीन बोलायचं, पाणी, चहा, पाय दुखतोय. आवाज सुधाकरचाच, जाडाभरडा. पहिल्या बटणावर नुसतं ताट होतं. ते कशाचं, मला कळत न्हवतं.

यंदा वहिनी महिनाभर लेकीकडं, मुरुमला निघाल्या. लेकीचं मशीन दुसऱ्या प्रकारचं. डबा दुकानात लागला न्हाय, तर वहिनी तिथं मुक्याच. आणि दुकानातला माल तपासणाऱ्यांनी तो दोनदा माघारी धाडलेला. एकदा म्हणे चित्र बारीक, एकदा माहिती अपुरी.

"कुठं बसतात हे? म्या जाऊन बोलतो."

"एक जर्मनीत, एक ब्राझीलमध्ये."

"एस्टी?"

"मुरुमपर्यंतच हाय, अण्णा."

वहिनी सोमवारी गेल्या. बुधवारी सकाळी सुधाकर ओट्यावर आला, "मंजूर झालं!" या खेपेला म्या कुणाला सांगितलं न्हाय. दुपारी त्याच्याकडंच बसलो होतो, तर बहिणीचा फोन.

"दादा, उतरवून घेतलं. चाललं बघ! आई ताटाचं बटण दाबतीय, ऐक."

फोनमधून सुधाकरचाच जाडाभरडा आवाज आला, "सुधा, जेवलास का?"

सुधाकर फोन दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "जेवलो, आई."

गॅसवरचा तवा सोमवारपासून पालथा होता. म्या उठलो. घरी गेलो, डबा भरून आणला. भाकरी, कोरड्यास, चटणी. मीठसुद्धा आतच.