झरीना पाच वेळा बेशुद्ध पडते

माणूस पृथ्वी सोडून कितीही लांब गेला तरी चहा त्याला बाईच्याच हातचा लागतो, हे सत्य सर्वमान्य आहे. बावड्याचे निवृत्त मुख्याध्यापक मोहनराव यांनी त्याच सत्यावर ‘गुरूच्या चंद्रावर बावडेकर’ ही इसवी सन २४९० मधली विज्ञान कादंबरी उभी केली.

शास्त्रीय अचूकतेसाठी त्यांनी आधी वडगाव निंबाळकरच्या मुबशिराकडे तीन दिवस शिकवणी घेतली. मुबशिरा उसावर ड्रोननं औषध फवारते. (आजवर चारशे एकर, झाडाला धडक शून्य.) वारा, उंची, बॅटरी, सगळं तिनं बांधावर उभं राहून समजावलं. मोहनरावांनी टिपून घेतलं.

कादंबरी छापून आली. यान चालवतो विक्रांत: उंच, गोरा, करारी. (स्वभाव एवढाच.) यानात बायका तीन. एक चहा करते, एक रडते आणि तिसरी, झरीना, शायरी म्हणते व बटणं पाहून बेशुद्ध पडते. एकूण पाच वेळा. ऋणनिर्देशात मुबशिराचा ‘स्नेही राजमहंमद यांची कन्या’ असा मोघम उल्लेख होता.

मुबशिरा पुस्तक घेऊन थेट बावड्याला गेली.

“तात्या, बटनं मीच शिकवली न्हवं तुमाला? मग ही झरीना चक्कर येऊन का पडती?”

“अगं, कादंबरी हाय ती. वाचकाला पटाय नको का?”

“आन् शायरी? आमच्या अब्बांनी जन्मात शायरी म्हणली न्हाय. ट्रॅक्टर बंद पडला की अस्सल मराठीत शिव्या घालत्यात.”

मोहनरावांनी हरकत दाखल करून घेतली. दुसऱ्या आवृत्तीत झरीना चारच वेळा पडेल, असं आश्वासनही दिलं. घरी पोचेपर्यंत मुबशिराचे कान तापलेले होते.

इंदापुरात प्रकाशन समारंभ झाला. पुस्तकावर ड्रोनमधून पाकळ्या पडायच्या होत्या. ड्रोन मुबशिराचा, पण व्यासपीठाच्या शोभेसाठी रिमोट मोहनरावांचा पुतण्या रविराज याच्याकडे देण्यात आला. (उंच, गोरा.) ड्रोन उठला तो सरळ प्रमुख पाहुण्यांच्या फेट्याकडे निघाला. रविराजनं ते पाहिलं आणि तो जागेवरच आडवा झाला. मुबशिरानं धावत जाऊन रिमोट उचलला, ड्रोन वीतभर अंतरावरून वळवला आणि पाकळ्या बरोबर पुस्तकावर सोडल्या.

मोहनराव हादरले. दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांनी यान झरीनाच्या ताब्यात दिलं आणि बेशुद्ध पडण्याचं काम विक्रांतकडे सोपवलं. प्रकाशकांनी ते ‘वास्तवाला धरून नाही’ असा शेरा मारून परत पाठवलं.

जाता जाता एक खुलासा. मुबशिराचं लग्न झालंय का, हे आम्ही सांगितलेलं नाही. रविराजचंही सांगितलेलं नाही. आपल्या मनात यांतल्या एकाचाच प्रश्न आला असेल, तर पहिल्या आवृत्तीची एक प्रत आपल्यासाठी राखून ठेवली आहे. ती आपल्याला फार आवडेल.