खानदानी कल्हई

अमृतरावांचा राग म्हणजे प्रेशर कुकर! पहिल्या शिट्टीला कान लाल, दुसरीला मिशी थरथर, अन् तिसरीला घरातली माणसं अंगणात! लातूरच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, पण शाळा त्यांच्यातून काही रिटायर झाली न्हाई.

त्या रविवारी चहाच्या आधीच पहिली शिट्टी झाली.

"आज आजोबांचा विषय या घरात निघणार न्हाई! निघालाच तर मी बोलंन. बाकीच्यांनी तोंडाला कुलपं लावा!"

कारण तसंच होतं. पुनमला, म्हणजे त्यांच्या लेकीला, बघायला देगलूरचे पाहुणे येणार होते. बघायचं काय त्यात! पुनम अन् अनिमेष नांदेडला एकाच कॉलेजात शिकवत होते आणि त्यांचं ठरून जमाना झाला होता. राहिली होती फक्त मोठ्यांची मान डोलायची. पण अनिमेषचे आईवडील, चंद्रप्रभाबाई अन् बापूसाहेब, दोघंही माळकरी. दारू हा शब्द कानावर पडला तरी आंघोळ करणारी माणसं!

अन् पुनमनं बापाला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "बाबा, तुमच्या डोक्यापायी हे मोडलं ना, तर जन्मात बोलणार न्हाई तुमच्याशी!"

आता इकडचं खानदान बघा. अमृतरावांचे आजोबा श्रीमंतराव म्हणजे टाकळवाडीची हातभट्टी! आंबवलेल्या गुळाचा सडवा, नवसागर, खाली जाळ, अन् वर पहिल्या धारेची टिपटिप. बारसं असो का तेराव्याचं जेवण, पत्रावळी उचलायच्या आत पाहुण्यांच्या गप्पांत आजोबांची भट्टी पेटायचीच. निलंग्याचे म्हणायचे, जमादार धाड घालायला आला तेव्हा आजी साखराबाई मडक्यावर गोधडी टाकून बसली अन् बाळंतपणाच्या कळा काढल्या. नांदेडचे म्हणायचे, छे, जमादारच दोन दिवस गोठ्यात झोपला होता! अन् उदगीरचे शपथेवर सांगायचे, की म्हशीनं सडवा खाल्ला अन् त्या दिवशीचं दूध पिऊन पाटील नाचला!

सगळे हसायचे. अमृतरावांचे तेवढे कान लाल!

म्हणून त्यांनी डोकं लढवलं. "ऐका! भट्टीला नवसागर लागतो. नवसागर कल्हईलाही लागतो. म्हणून आपले आजोबा कल्हई करायचे! हौस म्हणून. साऱ्या गावाची भांडी, फुकट. समाजसेवा!"

कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली धोंडाबाई आत्या दचकली. श्रीमंतरावांची सख्खी लेक ती!

"आरं आमृत्या, कल्हई नगं म्हणू. दुसरं कायबी म्हण. कल्हई म्हंजे—"

"आत्या! एक अक्षर न्हाई!"

"आरं पण ऐकून तरी घे, कल्हई म्हंजे—"

दुसरी शिट्टी! मांडणीवरचा पेला खाली आला.

"बरं बाबा," आत्या लसणाकडं वळली. "लाव कल्हई."

पुतण्या दयानंद दाराला टेकून उभा होता. पन्नाशीचा बाप्या, पण सगळ्या गावाच्या खोड्या त्याच्याच नावावर. तो मिशीत हसला. "काका, कल्हईच! अन् दबून नगं, जोरात सांगा!"

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. सगळं कसं तुपात! मग चंद्रप्रभाबाईंनी पदर सावरत विचारलं, "राग मानू नका, पण विचारलेलं बरं. तुमच्यात कुणाला पिण्याचा नाद?"

"आमच्यात?" अमृतराव असे हसले, जसं कुणी 'देवळात चपला विकता का' असं विचारलंय! "सात पिढ्यांत सुपारीचं खांड न्हाई! आमचे आजोबा, टाकळवाडीचे श्रीमंतराव, देवमाणूस! साऱ्या पंचक्रोशीला कल्हई करून द्यायचे."

बापूसाहेबांचा कप ओठाशीच थांबला. "काय करून द्यायचे?"

"कल्हई! दिवस मावळला की लोक तांब्या घेऊन दारात उभे!"

"दिवस मावळल्यावर?"

"रोज! काही भक्त तर दिवसातून दोनदा!"

"एकदा इथली कल्हई लागली," दारातून दयानंद म्हणाला, "की माणूस दुसरीकडं जातच नव्हता."

"अगदी!" अमृतराव फुलले. "अहो, आजोबांच्या कल्हईची चमक लोकांच्या तोंडावर दिसायची!"

चंद्रप्रभाबाई ताडकन उठल्या. "तोच! अहो, तोच हो तो मेला कल्हईवाला!"

"कोण?" अमृतराव गांगरले.

बापूसाहेबांनी कप खाली ठेवला. "आमचे वडील टाकळवाडीच्या शेजारच्याच गावचे. रोज मायला म्हणायचे, तांब्याला कल्हई लावून आणतो. जाताना सरळ जायचे, येताना दोन्ही बांधांवरून! माय म्हणायची, बारा महिने कल्हई चालू हाय, अन् तांब्या काळा तो काळाच! शेवटी तिनं तोच तांब्या त्यांच्या टाळक्यात घातला. पोचा आलेला हाय, घरी ठेवलाय अजून."

अमृतराव गर्रकन आत्याकडं वळले. "आत्या! सांगितलं का न्हाईस?"

"कल्हई म्हंजे दारू, हे सांगायला दोनदा तोंड उघडलं, दोनदा शिट्टी मारलीस!"

"उठा हो!" चंद्रप्रभाबाईंनी नवऱ्याला हुकूम सोडला. "दारू परवडली, पण हे खोटं? सात पिढ्या म्हणं!"

पाहुणे चपला शोधायला लागले. आतल्या दारात पुनम उभी. डोळे भरलेले, अन् बापावर असे रोखलेले, की अमृतरावांची तिसरी शिट्टी घशातच अडकली. अन् घशात अडकलेली शिट्टी म्हणजे, तुम्हाला सांगतो, कुकर फुटणारच!

"हाव!" ते ओरडले. "गाळत होता माझा आजा! लाज वाटली म्हणून लपवलं! पण तुमच्या बापाच्या तोंडात नरसाळं घालून पाजली न्हाई! बांधावरनं चालत कोण यायचं? तांब्या कुणाचा होता?"

एक चप्पल पायात, एक हातात, असे बापूसाहेब उभे. दयानंदसुद्धा हसायचा थांबला!

तेवढ्यात आत्या लसणाची सुपली घेऊन चंद्रप्रभाबाईंपुढं आली. "पोचा आलेला तांब्या? आगं बाई! तुझी सासू तो तांब्या घेऊन आमच्या दारात आलती की! शिव्या देत आली. माझी माय, साखराबाई, भाईर गेली अन् म्हणाली, 'बाई, मलाबी वीट आलाय.' मग दोघींनी मिळून भट्टीचं मडकं फोडलं. बाप बघतच राहिला! त्या दिवसापासून भट्टी बंद."

चंद्रप्रभाबाई खाली बसल्या. "सासूबाई सांगायच्या खरं... मेल्या कल्हईवाल्याची बायको तेवढी सोन्याची होती म्हणून." त्यांनी पुनमकडं बघितलं. "ही त्या साखराबाईची पणती का?"

"हाव की!"

"मग पोरगी आमची. बापाचं नंतर बघू!"

जमलं! बापूसाहेबांनी जाता जाता एकच अट घातली. "लग्नाच्या आधी तो तांब्या पाठवतो. तुमच्या घरानं एकदा तरी त्याला कल्हई करून द्यायला पायजे. खरी!"

तांब्या आला. अमृतराव तो छातीशी धरून दयानंदच्या स्कूटरवर लातूरच्या गोलाई बाजारात फिरले. कल्हई करणारा एक न्हाई! शेवटी एका कोपऱ्यावर पानटपरीवाल्याला विचारलं. नेमका तो टाकळवाडीचा, अन् अमृतरावांचाच जुना विद्यार्थी!

"काय रे, इथं कल्हई कुठं मिळंल?"

टपरीवाल्यानं सरांकडं बघितलं. सरांच्या हातातल्या तांब्याकडं बघितलं. मग आवाज खाली करून, फार मायेनं म्हणाला,

"सर, तुम्हीबी? मागच्या गल्लीत जावा. अन् तांब्या राहू द्या, आता बाटलीतच देतेत!"