वाघाची मधली वेळ आणि ओट्सच्या वड्या

एका जंगलात एक बातमी आली, मुलांनो, पण अर्धीच आली.

आणणारा पोपट होता. तो तळ्याकाठच्या बाभळीवर बसला आणि म्हणाला, "ऐकलंत का? वाघोबांनी हरीण खायचं सोडलं! आता ओट्सच्या वड्या खाणार म्हणे. पण काय आहे, की..."

तेवढ्यात त्याला पलीकडे पिकलेला पेरू दिसला. पोपट उडाला. 'पण काय आहे, की' तिथेच बाभळीवर लटकत राहिलं.

बाभळीखाली शरयूवहिनी उभी होती. शरयूवहिनी म्हणजे हरिणी. त्या सकाळी तिचा सगळा कळप नदीपलीकडे निघाला होता, कारण आठवड्यापूर्वी वाघाने तळ्याशेजारच्याच गुहेत बिऱ्हाड केलं होतं. पण नदीपलीकडे गवत कमी आणि खडे जास्त. इथलं गवत कसं, तोंडात घातलं की विरघळायचं. शरयूवहिनीला जायचं नव्हतं. आणि ज्याला जायचं नसतं, त्याला अर्धी बातमी पुरते.

"अहो, ऐकलंत ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "सोडा ती गाठोडी."

"पोपट शेवटी 'पण' म्हणाला," नवरा म्हणाला.

"तो काय, उठल्यासुटल्या पण म्हणतो. सोडा म्हणते ना."

नवऱ्याने गाठोडी सोडली. लग्नाला सात पावसाळे झाले होते. कळप पुढे गेला, हे दोघे मागे राहिले.

शेजारच्या बिळात साळूमावशी राहायची. साळूमावशी म्हणजे साळिंदर. अंगावर वीतवीत काटे, पण मनाने लोणी. जंगलात कोणाकडे काय शिजतंय आणि कोणाकडे काय करपलंय, हे तिला घरच्यांच्या आधी कळायचं. ती लगेच आली.

"राहिलात होय? बरं झालं बाई, मला करमलं नसतं. पण वहिनी, वाघ वड्या आणणार कुठून?"

"कोल्ह्याच्या दुकानातून, आणखी कुठून!"

"अगं बाई, त्या वड्या?" मावशीने कपाळाला हात लावला. "वरच्या कागदावर ओट्सचं चित्र आणि आत नुसती साखर! चार दिवसांत वाघाच्या तोंडाला मिठी बसेल. मग पाचव्या दिवशी त्याला कोणाची आठवण येईल, सांग बघू?"

शरयूवहिनीने नदीकडे बघितलं. कळप तर नदी उतरून गेला होता. आता एकट्यादुकट्याने जायचं म्हणजे वाटेत लांडगे.

"मग घरची वडी करते," ती म्हणाली. "कमी गोडाची, पौष्टिक. अशी करते, की वाघाला जन्मात हरीण आठवता कामा नये."

आता वडी करायची तर भांडं हवं. कासवाच्या दुकानात नुकताच स्लो कुकर आला होता. आत मातीचं भांडं, बाहेर पत्र्याचं, वर काचेचं झाकण. जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका. काजवे होते. एका कुकरला दीडशे काजवे लागायचे. आणि काजव्याची आच ती केवढी! म्हणून तर कुकर स्लो.

शरयूवहिनीने तो घरी आणला. त्याबरोबर एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं: 'तीन तास ठेवावे. मधे झाकण उघडू नये. उघडल्यास दर वेळी अर्धा तास वाढवावा.'

शरयूवहिनीने घोडीकडून ओट्स आणले. घोडी म्हणाली, "इतकी वर्षं आम्ही खातो तेव्हा कोणी विचारलं नाही. आता वाघ खातो म्हटल्यावर पौष्टिक झाले!" शरयूवहिनीने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिने दोन पिकली केळी कुस्करली. खजूर चेचले. साखर नाहीच, फक्त मधाचं एक बोट. शेंगदाण्याचं कूट घातलं, तीळ घातले, दालचिनीची चिमूट टाकली. भांड्याच्या तळाला केळीचं पान अंथरलं, त्यावर सारण थापलं. वाफेचं पाणी वडीवर पडू नये म्हणून झाकणाखाली फडकं ताणून बसवलं. दहा वाजता काजवे जोडले. एक वाजता वड्या तयार होणार, चारला वाघाची मधली वेळ. मधे तीन तास गार व्हायला. असा सगळा हिशेब चोख होता.

फक्त त्यात शेजार धरला नव्हता.

सव्वादहाला मावशी आली. "वास काय सुटलाय गं!" म्हणाली आणि झाकण उचलून बघितलं.

शरयूवहिनी काय बोलणार? शेजारणीला आपल्या घरातलं झाकण उघडू नको म्हणायचं, म्हणजे उद्यापासून तोंड कुठे दाखवायचं! ती म्हणाली, "बघा ना मावशी, बघा."

अर्धा तास वाढला.

मग लांडोर आली. तिने झाकण उचललं आणि म्हणाली, "आमच्यात यात वेलची घालतात." मग सांबरीण आली. तिने झाकण उचललं आणि काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. मावशी परत आली, लांडोर काय म्हणाली ते विचारायला, आणि विचारता विचारता झाकण उचललं. मग घोडी आली, आपले ओट्स नीट आहेत ना बघायला. शरयूवहिनीचा नवरा एकदा उगीचच आला आणि उघडून गेला. मग मावशी सांबरिणीबद्दल विचारायला आली. आठव्यांदा तर शरयूवहिनीने स्वतःच उघडलं, सगळे एवढं काय बघतात ते बघायला.

आठ झाकणांचे चार तास झाले. एकचे पाच वाजले.

आणि बरोबर चारला वाघ आला.

वाघाबरोबर वानरेसर होते. वानरेसर म्हणजे माकड. नाकावर चष्मा, बगलेत कागद. सरांनी तीन रविवारांचा आहारशास्त्राचा कोर्स केला होता आणि चौथ्या रविवारपासून ते तज्ज्ञ होते. वाघाला हल्ली पळताना धाप लागायची, म्हणून त्याने सर ठेवले होते. वाघाला स्वतःला वाचता येत नव्हतं. राजाला वाचावं लागत नाही.

"नमस्कार वहिनी," वाघ म्हणाला. "तुम्ही माझ्यासाठी घरच्या वड्या करताय असं कळलं."

"कोणी सांगितलं?" शरयूवहिनीने विचारलं. मावशी आभाळाकडे बघू लागली.

"झाल्या का?"

"तासाभरात होतील, महाराज."

"मग बसतो," म्हणून वाघ बसला. पाच मिनिटं बसला. मग उठला आणि झाकण उचलून बघितलं. पाचाचे साडेपाच झाले.

सरांनी चष्मा पुसला. "तंतू तपासावे लागतील," म्हणाले आणि त्यांनी झाकण उचललं. साडेपाचाचे सहा झाले.

शरयूवहिनी मनात म्हणाली, बघ बघ, हवं तेवढं बघ. जोवर वडी होत नाही तोवर हा बसून राहणार, आणि जोवर बसलाय तोवर कोणाच्या मागे धावत नाही. तिने त्यांना पाणी दिलं. वाघाने आणखी एकदा झाकण उचललं. सहाचे साडेसहा.

मावशीला मात्र सरांच्या बगलेतल्या पथ्याच्या कागदात काय आहे हे कळल्याशिवाय राहवेना. "सर," ती म्हणाली, "महाराजांनी हरीण अगदी कायमचं सोडलं ना हो?"

"छे छे!" सर म्हणाले. "कायमचं कशाला? मधल्या वेळचं सोडलंय. चार ते सात. पूर्वी महाराज चहाच्या वेळेला एक हरीण घ्यायचे. ते बंद. त्याऐवजी वडी. साताला जेवण. जेवणात हरीण आहेच."



आता तिला पोपटाचा 'पण' कळला. नवरा तिच्याकडे बघत होता. तो काही बोलला नाही, आणि एवढ्या संसारात त्याने केलेलं हे सगळ्यात मोठं भांडण होतं.

शरयूवहिनीने भराभर विचार केला. साडेसहाला वड्या झाल्या, तर वाघ पोटभर खाईल. मग त्याला जेवण जाणार नाही. पण आणखी एक झाकण उघडलं, की सात!

आणि वाघ उठत होता. "बघू तरी," म्हणत होता.

"मावशी!" शरयूवहिनी ओरडली. "बसा!"

"कुठे बसू?"

"झाकणावर बसा!"

मावशी टुणकन उडी मारून झाकणावर बसली आणि काटे फुलवले. वाघाने पंजा पुढे केला, मागे घेतला. सरांनी बोट पुढे केलं, तोंडात घातलं.

"मावशी, उठा की जरा," वाघ म्हणाला.

"पाय आखडलेत, महाराज. वातानं." मावशी घामाघूम झाली होती. खाली वाफ, वर वाघ. "तुमच्या गुहेत ओल येते का हो? भाडं किती पडतं?"

अशा गप्पा मारत मावशीने साडेसहा वाजवले. अख्ख्या जन्मात ती कुठल्या झाकणाशेजारी न उघडता एवढा वेळ बसली नव्हती.

साडेसहाला झाकण उघडलं. वड्या सुरेख झाल्या होत्या. गार व्हायलाही वाघ थांबला नाही. त्याने सोळाच्या सोळा वड्या खाल्ल्या, पान चाटलं, मिशा पुसल्या.

"पोट भरलं ना महाराज?" शरयूवहिनीने विचारलं.

वाघाने पोटावरून पंजा फिरवला. "वहिनी, काय सांगू! अगदी हलकं वाटतंय. इतके दिवस भूकच लागत नव्हती. आता कशी कडकडून लागली आहे!"

"तेच तर!" सर खूश झाले. "तंतूंनी अग्नी प्रदीप्त होतो. वाजले किती? सात. चला, जेवण."

वाघाने मान वळवली. शरयूवहिनीचा नवरा पुढे येऊन तिच्यासमोर उभा राहिला. त्याला शिंगं होती, पण ती कशी वापरायची हे तो विसरला होता.

"थांबा!" मावशी पुढे सरसावली. "सर, कागदात नुसतं हरीण लिहिलंय, की कसलं हरीण तेही लिहिलंय?"

सरांना कोणी कागद वाचायला सांगितला की फार आवडायचं. त्यांनी चष्मा चढवला. "सगळं लिहिलंय. जेवणात गोड खाल्लेलं काही नको."

"मग आमची वहिनी बाद! सकाळपासून मधाचं बोट चाटतेय, खजूर चाखतेय. तिचा नवरा केळ्यांची सालं खाऊन बसलाय."

वाघाने नाक जवळ नेलं. खरंच दालचिनीचा वास येत होता. त्याचा चेहरा उतरला. "मग काय खाऊ? सर, पुढे वाचा."

"लठ्ठ नको. चरबी नको."

वाघाने सांबरीण जिथे रवंथ करत बसायची त्या झुडपाकडे बघितलं आणि मान हलवली.

"काटे नकोत, घशाला टोचतात."

मावशीने सुटकेचा नि:श्वास टाकला.

"मग हवं काय, ते वाचा ना," ती म्हणाली.

सरांनी घसा खाकरला आणि आवाज चढवला. "जेवणात असावं ते असं. अंगाने सडपातळ. रोज भरपूर व्यायाम करणारं. फळांवर आणि कोवळ्या पानांवर पोसलेलं. उघड्या हवेत, उंचावर राहणारं. आणि शक्यतो घरचं, बाजारचं नव्हे." त्यांनी कागदावरून मान वर केली. "बघा, किती शास्त्रशुद्ध लिहिलंय!"

सगळे सरांकडेच बघत होते.

"असे काय बघताय?" सर म्हणाले.

"सर," वाघ हळूच म्हणाला, "तुम्ही माझ्याकडे किती दिवस राहताय?"

"चौदा दिवस."

"म्हणजे घरचेच की."

पुढचं लहान मुलांनी ऐकू नये. चष्मा तेवढा राहिला. तो मावशीने उचलून नेला, लांबचं दिसायला.

वाघ तृप्त होऊन गुहेकडे गेला. जाताना म्हणाला, "वहिनी, उद्या चारला येतो." पण उद्या काय खायचं नाही, ते आता त्याला वाचून दाखवणारं कोणी राहिलं नव्हतं. हे शरयूवहिनीच्या लगेच लक्षात आलं, कारण आता तिला अख्खी बातमी ऐकायची सवय लागली होती. ती आणि तिचा नवरा उजाडायच्या आत नदीपलीकडे गेले. वाटेत लांडगे भेटले नाहीत. मावशीने लांडग्यांना सगळी हकीकत सांगायला थांबवून धरलं होतं, आणि ती अजून संपली नव्हती.

तर वाघाने हरीण सोडलं, ही बातमी खोटी नव्हती. त्याने खरंच सोडलं होतं. चार ते सात, आणि त्या एका दिवशी सातनंतरही.

तात्पर्य : आरोग्य हीच खरी संपत्ती आहे, म्हणून ज्याला त्याला पथ्य जरूर सांगावं. मात्र वाघाचं पथ्य लिहायला बसलात, तर वर्ज्य पदार्थांच्या यादीत पहिलं नाव आपलं घालावं, आणि मगच मिठाचं.