मामांचा फूरिये

कुणाविषयी लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, आणि लिहिण्याची सवय परीक्षेपुरती. पण मामांबद्दल आणखी कुणी लिहील असं दिसत नाही, म्हणून धीर करतो. चुकलं तर समजून घ्या.

मामा चहात स्टीलचा चमचा उभा ठेवायचे आणि त्याच्या वरच्या टोकाला बोट लावून बसायचे. चटका बसला की खूश. "आला बघ फूरिये!"

फूरिये हे एका फ्रेंच गणितज्ञाचं आडनाव. धातूतून उष्णता कशी पुढे सरकते, त्या नियमाला त्याचं नाव आहे. मामा आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये अटेंडंट होते. तीस वर्षं सरांच्या मागे उभं राहून त्यांनी हे एक नाव पक्कं धरलं होतं. निवृत्तीनंतर ते मंगळवार पेठेत एकटेच राहत. मामी गेलेल्या, मूलबाळ नाही. गडहिंग्लजहून आलेला मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहायचो.

गल्लीतून बँड गेला तरी फूरियेच. "गलका वाटतोय, पन आत साधे सूर हायती. एकेक सुटा करता येतोय. त्यानंच सांगितलंय."

कोपऱ्यावरचा चहावाला मुद्दाम विचारायचा, "मामा, आज काय म्हणतोय तुमचा पावणा?"

"तुझ्या चहात पानी लई, म्हणतोय."

माझं नवं पुस्तक आलं की मामा आधी शेवटची सूची उघडायला लावत. फूरिये श्रेणी, फूरिये रूपांतर, फूरिये अंक. मी वाचायचो, ते बोटांवर मोजायचे. एकदा विचारलं, "त्येला पोरंबाळं किती रं?"

मी शोधून सांगितलं, "लग्नच केलं नव्हतं, मामा."

त्यांनी उघड्या सूचीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजे ही समदी त्येचीच की."

एका दुपारी पोस्टमन आला. "चौगुले इथंच काय?" मी जिन्यातूनच सांगितलं, "इथं कुणी चौगुले नाहीत." तो सायकल वळवत होता, तेवढ्यात खालचं दार उघडलं.

"मीच की चौगुले," मामा म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

वर्षभर त्यांच्या घरात राहून मला त्यांचं आडनाव माहीत नव्हतं. कॉलेजात सगळे मामा म्हणत, मीही तेच उचललं होतं. माफी मागायला गेलो तर म्हणाले, "तुझं काय चुकलं? तीस वर्सं हजेरीच्या वहीत हुतं, तेवढंच. आता तिथंबी न्हाय."

त्यानंतर चहात चमचा उभा राहिना. मी पुस्तक घेऊन गेलो तर म्हणायचे, "ठेव तिकडं."

एका सोमवारी मी लॅबमध्ये होतो. पहिल्या वर्षाची एक मुलगी ओरडली, "अगं, चौगुले दे की इकडं! थर्मामीटर हलायलाय."

मैत्रिणीने तिला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा दिला. त्याच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. मागे ऑइलपेंटने पुसट 'चौगुले'. केमिस्ट्रीवाल्यांनी पळवू नये म्हणून कधीतरी लिहिलेलं असणार. ते अक्षर मी ओळखलं.

"चौगुले कोण, माहीत आहे?" मी विचारलं.

"कोण म्हंजे? ह्येलाच चौगुले म्हणत्यात, दादा." तिने जर्नल पुढे केलं. साहित्य : धातूची दांडी, वाफेचं भांडं, थर्मामीटर, चौगुले. खाली सरांची सही.

पुढचा तास सोडून मी घरी पळालो. मामांचा चहा नुकताच ओतलेला होता. सगळं सांगितलं.

"सरांची सही हाय?"

"आहे."

"तू बगितलीस?"

"बघितली, मामा."

त्यांनी चमचा उचलून चहात उभा केला, टोकाला बोट लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"रबर सैल झालं असंल आता," ते म्हणाले. "त्या पोरीला सांग, घिऊन ये म्हनावं. नवं लावून देतो."